इस्रायलच्या शाळांमधला योम हाशोआ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेसाह हा ज्यूंचा वसंतातला सण संपला की योम हाशोआबद्दल, म्हणजे ज्यूंच्या संहाराच्या स्मरणदिनाबद्दल, दर वर्षी तेच प्रश्न सुरू होतात. ठाणे, मुंबई, पुणे, अलिबागहून येतात, तसेच इकडे दिमोना, अश्दोद, लोद, रामले इथल्या मराठी घरांतूनही येतात. नातवाच्या शाळेने पांढरा शर्ट कशासाठी मागितला, भोंगा वाजला की आजीने काय करायचं, एवढ्या लहान पोरांना हे कशाला सांगतात, आणि आपल्या घरचं तर कोणी तिकडे नव्हतं, मग आपण काय बोलायचं? मी इथल्या शाळेत शिकवते, म्हणून उत्तरं देण्याचं काम बहुधा माझ्याकडे येतं. ती सगळी एकदाच नीट लिहून ठेवते आहे. जिथे वेगळं म्हटलेलं नाही, तिथे मी इस्रायलमधल्या सरकारी शाळांबद्दल बोलते आहे.

१. योम हाशोआ म्हणजे नेमका कसला दिवस?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनीने आणि तिच्या साथीदारांनी युरोपातले सुमारे ६० लाख ज्यू ठार केले. त्यात सुमारे १५ लाख मुलं होती. काहींना गावाबाहेर खड्ड्यांच्या काठावर उभं करून गोळ्या घातल्या, काही घेट्टो म्हटल्या जाणाऱ्या वस्त्यांमध्ये कोंडून उपासमारीने आणि रोगराईने मेले, आणि लाखोंना आउशवित्झ, ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेल्झेक यांसारख्या मृत्यूछावण्यांत विषारी वायूने मारलं. या संहाराला होलोकॉस्ट, हिब्रूत शोआ, म्हणतात. त्यात गेलेल्या सगळ्यांच्या स्मरणाचा हा इस्रायलचा राष्ट्रीय दिवस. १९५१ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, तो ठरवला आणि १९५९ मध्ये त्याचा कायदा झाला. दिवसाच्या पूर्ण नावात संहाराबरोबर शौर्याचाही उल्लेख आहे. त्याबद्दल प्रश्न १२ पाहा.

२. यंदा तो कधी आहे? तारीख दर वर्षी का बदलते?

२०२६ मध्ये १३ एप्रिलच्या संध्याकाळपासून १४ एप्रिलच्या संध्याकाळपर्यंत. २०२७ मध्ये ३ मेच्या संध्याकाळी सुरू होऊन ४ मेला संपेल.

आपले सण जसे तिथीने येतात आणि अधिक महिन्यामुळे पुढे-मागे होतात, तसंच हिब्रू पंचांगाचं आहे. दिवस ठरलेला आहे, निसान महिन्याची २७ तारीख, आणि ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. पोलंडमधल्या वॉर्सा इथल्या ज्यू वस्तीतला नाझींविरुद्धचा उठाव १९ एप्रिल १९४३ रोजी, म्हणजे १४ निसानला सुरू झाला होता. पण ती पेसाहची पूर्वसंध्या असल्याने त्या दिवशी शोक पाळणं शक्य नव्हतं. म्हणून पेसाह आणि स्वातंत्र्यदिन यांच्या मधला दिवस निवडला.

घोळ होतो तो पुढच्या अपवादामुळे. २७ निसान शुक्रवारी आला तर शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाला, धक्का लागू नये म्हणून दिवस गुरुवारी घेतात. रविवारी आला तर शब्बाथ संपता संपता तयारी करावी लागू नये म्हणून सोमवारी पाळतात. २०२४ मध्ये तो असा सोमवारी, ६ मेला गेला आणि २०२५ मध्ये गुरुवारी, २४ एप्रिलला आला. छापील कॅलेंडरवर विसंबू नका, शाळेची सूचना पाहा.

३. होलोकॉस्टचा दिवस २७ जानेवारीला असतो ना?

तोही आहे. २७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत सैन्याने आउशवित्झ मुक्त केलं, म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये ती तारीख आंतरराष्ट्रीय स्मरणदिन म्हणून जाहीर केली. युरोपातल्या अनेक शाळा तोच पाळतात. इस्रायलमध्ये मुख्य दिवस निसानमधलाच.

४. शाळेत त्या दिवशी सकाळपासून काय काय होतं?

खरं म्हणजे सुरुवात आदल्या संध्याकाळीच होते. रात्री आठ वाजता जेरुसलेमला याद वाशेम या राष्ट्रीय होलोकॉस्ट स्मारकातल्या वॉर्सा घेट्टो चौकात राष्ट्रीय कार्यक्रम असतो आणि तो टीव्हीवर दाखवतात. हॉटेलं, सिनेमागृहं, करमणुकीची ठिकाणं बंद असतात. घरात मोठी मुलं असतील तर बहुतेक जण तो एकत्र बसून बघतात.

सकाळी मुलं पांढरा शर्ट घालून येतात. झेंडा अर्ध्यावर उतरवलेला असतो. दहाच्या सुमारास सगळी शाळा पटांगणात किंवा सभागृहात जमते, कारण भोंगा बरोबर दहाला होतो आणि कार्यक्रमाची आखणी त्याभोवतीच असते. सूत्रसंचालन, वाचन, गाणी, वाद्यं, सगळं विद्यार्थी करतात. वरच्या वर्गांतली मुलं त्यासाठी आधीचे काही आठवडे तालीम करतात. कोणी त्या काळातल्या एखाद्या मुलाच्या डायरीतला उतारा वाचतं, कोणी आपल्या पणजीची हकिकत सांगतं. मग सहा ज्योती (प्रश्न ६), मृतांसाठीची यिझकोर प्रार्थना, कद्दीश ही शोकातली प्रार्थना, आणि शेवटी राष्ट्रगीत.

त्यानंतरचा तास मला कार्यक्रमाहून महत्त्वाचा वाटतो. मुलं आपापल्या वर्गात जातात आणि वर्गशिक्षकांबरोबर बसून बोलतात. एखादा गप्प असतो, एखादीला भलतंच काही विचारायचं असतं. "त्यांच्या शेजाऱ्यांना माहीत नव्हतं का?" हा प्रश्न जवळपास दर वर्षी कोणीतरी विचारतं. त्याचं खरं उत्तर, अनेकांना माहीत होतं, मुलांना द्यायलाच हवं. त्याच वेळी जीव धोक्यात घालून ज्यूंना लपवणाऱ्यांची गोष्टही सांगायला हवी. याद वाशेमने अशा २८ हजारांहून अधिक बिगरज्यू माणसांचा नावानिशी गौरव केला आहे.

मुलांना रडवायचं म्हणून बसवलेले कार्यक्रमही मी पाहिले आहेत. ढोलाचे ठोके, अंधार, किंकाळ्यांचे आवाज. ते मला पटत नाहीत. घाबरलेलं मूल काही लक्षात ठेवत नाही, फक्त घाबरलेलं राहतं.

५. भोंगा वाजला की नेमकं काय करायचं?

जिथे असाल तिथे उभं राहायचं. दोन मिनिटं, हात खाली, काही न बोलता. महामार्गावर गाड्या थांबतात, माणसं दार उघडून बाहेर येतात आणि रस्त्यातच उभी राहतात. बसमध्येही तसंच. गुडघे दुखत असतील तर बसून राहिलात म्हणून कोणी काही म्हणणार नाही. फोन मात्र खाली ठेवा. त्या दोन मिनिटांचं चित्रीकरण करणारे पाहुणे मुलांच्या लगेच डोळ्यांत भरतात.

एक गोष्ट आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा. स्मरणाचा भोंगा एकाच सुरात, सपाट वाजतो. हल्ल्याचा इशारा वर-खाली होत वाजतो. सूर चढ-उतार करायला लागला तर स्मरण बाजूला ठेवून थेट सुरक्षित खोलीत जायचं.

६. ज्योती सहाच का?

साठ लाखांतल्या दर दहा लाखांसाठी एक. याद वाशेमला त्या संहारातून वाचलेल्या सहा व्यक्ती पेटवतात, शाळेत बहुधा विद्यार्थी. काही शाळा सातवी ज्योत ज्यूंना वाचवणाऱ्यांसाठी लावतात. तसा नियम नाही, तो त्या शाळेचा निर्णय.

७. आम्ही भारतातून आलोय. कार्यक्रमाला जाता येईल का? टाळ्या वाजवायच्या का?

बहुतेक शाळा पालकांना येऊ देतात, पण दारावर सुरक्षारक्षक असतो आणि पाहुण्यांची नावं आधी द्यावी लागतात. नातवाच्या आईला वर्गशिक्षिकेशी बोलायला सांगा. कपडे साधे, शक्यतो पांढरा सदरा किंवा फिकट साडी. टाळ्या अजिबात नाहीत, नातीने कितीही सुंदर गाणं म्हटलं तरी. शाबासकी घरी द्या. प्रार्थनेच्या वेळी पुरुषांनी डोकं झाकावं. किप्पा नसेल तर साधी टोपीही चालते.

८. माझी नात बालवाडीत आहे. तिला आत्ताच हे सांगायची गरज काय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि विचारणाऱ्यांची काळजी खरी असते.

पण इथल्या चार वर्षांच्या मुलीला भोंगा ऐकू येतोच. आई रस्त्यात उभी राहिलेली आणि दादा पांढऱ्या शर्टात तिला दिसतोच. कोणी काही सांगितलं नाही तर ती स्वतःच काहीतरी रचते आणि ते बहुधा खऱ्याहून भीतिदायक असतं. म्हणून २०१४ मध्ये शिक्षण मंत्रालयाने बालवाडीपासून बारावीपर्यंत वयानुसार आखलेला अभ्यासक्रम आणला. बालवाडीत सांगायचं ते एवढंच की फार पूर्वी, फार दूर, काही वाईट माणसांनी ज्यूंना खूप दुःख दिलं, आज आपण त्यांची आठवण काढतो, आणि तू इथे सुरक्षित आहेस.

पहिली-दुसरीत एकाच मुलाची गोष्ट असते, आणि ते मूल शेवटी वाचलेलं असतं. त्याचं घर, त्याचा कुत्रा, त्याने लपवून ठेवलेलं खेळणं. चौथी-पाचवीत एका कुटुंबाची. मग शाळा, वस्ती, गाव. छावण्यांचा तपशील आणि ती छायाचित्रं माध्यमिक वर्गांच्या आधी येतच नाहीत. वरच्या वर्गांत हा इतिहासाच्या शालान्त परीक्षेचा भाग आहे.

याद वाशेमचे शिक्षणतज्ज्ञ सांगतात की मुलाला या विषयात हळूच आत न्यावं आणि सुखरूप बाहेर आणावं. मुलांना छावणीतले कैदी किंवा पहारेकरी बनवून नाटक करण्याला त्यांचा स्पष्ट विरोध आहे. तुमच्या नातीच्या वर्गात असं काही होत असेल तर मुख्याध्यापकांना जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. घरी मात्र टीव्ही बंद ठेवा. बालवाडीतल्या मुलांच्या कानांवर आणि डोळ्यांवर जे नको ते येतं, ते बऱ्याचदा शाळेपेक्षा दिवाणखान्यातून येतं.

९. मुलाला कार्यक्रमात एक नाव वाचायचं आहे. ते कुठून आणायचं?

१९८९ पासून योम हाशोआच्या दिवशी क्नेसेटमध्ये मृतांची नावं मोठ्याने वाचतात. ती पद्धत शाळांमध्ये पसरली. प्रत्येक विद्यार्थी एक नाव, वय आणि गाव वाचतो.

याद वाशेमच्या संगणकीय नामसूचीत सुमारे ५० लाख लोकांची नावं आहेत. ती कोणालाही घरबसल्या, फुकट पाहता येते. शोधताना गाव घाला, वय घाला. मुलगा अकरा वर्षांचा असेल तर अकरा वर्षांच्याच मुलाचं नाव शोधू द्या, त्याला स्वतःच ते हवं असतं. ज्यांची साक्षपत्रं, म्हणजे मृताच्या माहितीची पानं, जवळच्या माणसांनी भरली आहेत, त्यांच्या नोंदीत कधी आईवडिलांची नावं, कधी वडिलांचा धंदा, कधी फोटोही मिळतो. बार मित्झ्वा किंवा बात मित्झ्वाला (मुलग्या-मुलींच्या वयात येण्याच्या विधीला) आलेल्या मुलांची, त्या वयापर्यंत पोहोचू न शकलेल्या एखाद्या मुलाच्या नावाशी जोडी लावण्याचा उपक्रमही याद वाशेम चालवतं.

काही बारीक गोष्टी. पोलिश, हंगेरियन, ग्रीक नावांचा उच्चार शिक्षकांना विचारून घ्या आणि देवनागरीत लिहून मुलाच्या हातात द्या. एकच नाव द्या. पाच नावं घाईने वाचणाऱ्या मुलाला एकही आठवत नाही, पण एकच वाचलेलं नाव पोरं वर्षानुवर्षं सांगतात, हे मी पाहिलं आहे. आणि नुसत्या वाचनावरून नवं साक्षपत्र भरू नका. ते मृताला ओळखणाऱ्यांनी किंवा त्याच्या घरच्यांनी भरायचं असतं.

१०. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आमच्या घरचं कोणी होलोकॉस्टमध्ये गेलं नाही. वर्गात मुलाने काय सांगायचं?

खरं तेच सांगायचं: "माझे पणजोबा तेव्हा कोकणात होते." त्यात लाजण्यासारखं काही नाही. साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी इथली मुलं कुटुंबाच्या मुळांचा प्रकल्प करतात. त्या वहीत कोणी पोलंडमधलं लोज लिहितं, कोणी ग्रीसमधलं सालोनिका, आणि आपलं मूल लिहितं पेण, रोहा, रेवदंडा. शतकानुशतकं ज्यू म्हणून राहूनही जिथे शेजाऱ्यांनी कधी अंगावर हात टाकला नाही अशा गावांची ती नावं आहेत. ही माहिती वर्गातल्या इतरांना नवी असते आणि ती त्यांना मिळायला हवी.

मग मूल विचारतं, हा माझा दिवस आहे का? आहे. संहार करणाऱ्यांना कोकण आणि क्राकोव यांत फरक करायचा नव्हता. ते इथवर पोहोचले नाहीत, एवढंच. लिबिया आणि ट्युनिशियातल्या ज्यूंपर्यंत ते पोहोचले होते, आणि या कुटुंबांची मुलं आपल्याच मुलांच्या वर्गात बसतात. ज्या मुलाच्या घरात रडायला कोणी उरलं नाही त्याचं नाव दुसऱ्याच घरातल्या कोणीतरी वाचावं लागतं. आपल्या मुलांनी ते वाचलं तर ते पाहुणे म्हणून वाचत नाहीत.

सांगण्यासारखं आपल्याकडेही आहे. दुसऱ्या महायुद्धात बेने इस्रायल तरुण ब्रिटिश भारतीय सैन्यात होते. आजोबा-पणजोबांचे जुने फोटो, पदकं, पेन्शनची कागदपत्रं काढून बघा. १९७१ च्या युद्धातले लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब, पुढे गोव्याचे राज्यपाल झाले ते, कलकत्त्याच्या बगदादी ज्यू घराण्यातले. युरोपातल्या ज्यूंच्या हत्येच्या बातम्या ऐकूनच आपण सैन्यात गेलो असं ते सांगत. मुंबईच्या निर्वासितांबद्दल पुढचा प्रश्न पाहा.

११. त्या काळात कोणी ज्यू मुंबईला आले होते का?

आले होते. जर्मनी आणि ऑस्ट्रियातून पळालेल्यांना मदत करण्यासाठी १९३४ मध्ये मुंबईत ज्यू मदत संघ स्थापन झाला. पण व्हिसा मिळणं सोपं नव्हतं, आणि आले त्यांत डॉक्टर, अभियंते असे शिकलेले लोक बरेच होते. वॉल्टर कौफमन हे संगीतकार १९३४ मध्ये आले आणि मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. आकाशवाणीची सकाळची ती ओळखधून त्यांचीच मानली जाते. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर १९३८ नंतर ज्यू पत्नीसह मुंबईत राहिले आणि इथल्या नव्या चित्रकारांना त्यांनी हात दिला.

दुसरी बाजूही मुलांना सांगा. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारने जर्मन पासपोर्टवाले म्हणून अनेक ज्यू निर्वासितांनाही शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवून अहमदनगरच्या छावणीत डांबलं. काही कुटुंबं पुढे पुरंदरवर होती. हिटलरपासून पळालेल्या माणसाला नाझी समर्थकांबरोबर एकाच कुंपणात राहावं लागलं. चौकशी होऊन अनेकांची सुटका झाली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

१२. मुलगा विचारतो, ते लढले का नाहीत?

अनेक जण लढले. वॉर्साच्या वस्तीत मूठभर पिस्तुलं आणि घरी बनवलेले बॉम्ब घेऊन तरुण मुलामुलींनी जर्मन सैन्याला आठवडेच्या आठवडे झुंजवलं. २ ऑगस्ट १९४३ ला ट्रेब्लिंकात, १४ ऑक्टोबर १९४३ ला सोबिबोरमध्ये आणि ७ ऑक्टोबर १९४४ ला आउशवित्झमध्ये कैद्यांनी उठाव केले.

पण बंदुकीपाशीच थांबू नका. यानुश कोर्चाक हे डॉक्टर वॉर्सात ज्यू मुलांचं अनाथालय चालवत. १८ जुलै १९४२ रोजी त्या मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांचं 'डाकघर' हे नाटक सादर केलं. आजारी अमल खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट बघतो, ते नाटक. मुलांना मृत्यूकडे शांतपणे बघता यावं म्हणून कोर्चाकांनी ते निवडल्याचं सांगतात. ऑगस्टच्या सुरुवातीला सुमारे २०० मुलांना ट्रेब्लिंकाला नेलं. कोर्चाकांना स्वतःला वाचवण्याची संधी होती. ते आणि स्टेफानिया विल्चिन्स्का मुलांबरोबर गेले. मी वर्गात ही गोष्ट सांगते तेव्हा ते नाटक भारतातलं आहे हे मुद्दाम सांगते.

१३. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे पोलिश निर्वासित होलोकॉस्टमधून वाचलेले होते ना?

नाही, आणि ही गल्लत फार होते. वळिवड्यात १९४३ ते १९४८ च्या दरम्यान सुमारे ५ हजार पोलिश राहिले. त्यांतले बहुतेक कॅथलिक होते. त्यांना जर्मनांनी नाही, सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरियाकडे धाडलं होतं, आणि १९४१ नंतर सुटका झाल्यावर ते इराणमार्गे आले. त्यांचं दुःख मोठं आहे, कोल्हापूरने दिलेला आसराही मोठा आहे. पण तो इतिहास वेगळा. इराणमधून सुटलेल्या ज्यू अनाथ मुलांचा एक मोठा गट मात्र १९४३ च्या सुरुवातीला कराचीमार्गे जहाजाने गेला आणि सुएझवरून पॅलेस्टाइनला पोहोचला. प्रकल्पासाठी भारताशी जोडलेली गोष्ट हवी असेल तर ती घ्या.

१४. वाचलेली माणसं आता फार थोडी उरलीत. शाळेत कोण बोलतं?

जे येऊ शकतात ते अजूनही येतात, नव्वदीतसुद्धा. शाळेने बोलावलं असेल तर मुलाला त्या दिवशी काही झालं तरी घरी ठेवू नका. त्यांच्या मुलाबाळांनी आता सांगायला सुरुवात केली आहे, आणि चित्रमुद्रित साक्षी ५० हजारांहून अधिक आहेत. आदल्या संध्याकाळी लोकांच्या घरी छोट्या बैठका भरतात. कोणाच्या तरी दिवाणखान्यात वीस-पंचवीस जण जमतात, एक जण सांगतो, मग सगळे बोलतात. शाळेच्या सभागृहापेक्षा तिथे प्रश्न विचारणं सोपं जातं. दहावी-अकरावीच्या मुलांना आवर्जून न्या.

१५. अकरावीतल्या मुलीला पोलंडच्या सहलीला पाठवावं का?

१९८८ पासून इथल्या शाळा अकरावी-बारावीच्या मुलांना पोलंडला नेतात. साधारण आठवडाभर जुन्या ज्यू वस्त्या, कबरस्तानं, छावण्यांच्या जागा बघतात. २०२२ मध्ये दोन्ही सरकारांच्या वादात हे दौरे थांबले होते, २०२३ मध्ये करार होऊन पुन्हा सुरू झाले. योम हाशोआलाच आउशवित्झहून त्याच्याच बिर्केनाऊ या दुसऱ्या छावणीपर्यंत सुमारे ३ किलोमीटर चालण्याचा आंतरराष्ट्रीय मोर्चाही १९८८ पासून निघतो.

सहल सक्तीची नाही. खर्च मोठा आहे, आणि केवळ पैशामुळे मागे राहणारी मुलं मी पाहिली आहेत. शाळेकडे मदतीसाठी विचारा, संकोच करू नका. मूल हळवं असेल, अलीकडे घरात कोणी गेलं असेल, तर नाही म्हणा. न गेलेल्या मुलाची आठवण कमी प्रतीची नसते.

१६. आठवड्याने पुन्हा भोंगा वाजला. तो कशाचा?

तो योम हाझिकारोन, इस्रायलच्या मृत सैनिकांचा आणि दहशतवादी हल्ल्यांतल्या बळींचा दिवस. त्यात भोंगा दोनदा होतो, संध्याकाळी आठला एक मिनिट आणि दुसऱ्या दिवशी अकराला दोन मिनिटं. पांढरा शर्ट तेव्हाही लागतो, म्हणून दोन धुऊन ठेवा.

१७. सगळ्या ज्यू शाळा हाच दिवस पाळतात का?

नाही. अनेक हरेदी, म्हणजे कडक धर्माचरणी ज्यूंच्या, शाळांत हा कार्यक्रम होत नाही. निसान आनंदाचा महिना, त्यात शोक करू नये अशी परंपरा आहे. ते १० तेवेत किंवा ९ आव या जुन्या उपवासांच्या दिवशी आठवण काढतात. ज्यांची मृत्युतिथी माहीत नाही त्यांच्यासाठी कद्दीश म्हणायला मुख्य रब्बीमंडळानेही १० तेवेत नेमला आहे. त्या शाळेतली मुलं बेफिकीर आहेत असं समजू नका. त्यांच्या घराघरांत मारल्या गेलेल्यांची नावं नवजात बाळांना ठेवलेली असतात.

अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातल्या ज्यू शाळा बहुधा २७ निसानच पाळतात, पण रस्त्यावर भोंगा नसतो आणि शेजारच्या शाळेत नेहमीचा दिवस असतो. तिथल्या मुलांना तो विरोधाभास जास्त जाणवतो.

१८. वाढदिवस त्याच दिवशी आला तर?

घरी जवळच्या माणसांत केक कापायला हरकत नाही. वर्गातला वाढदिवस आणि पार्टी दुसऱ्या दिवशी ठेवा.

१९. आम्ही हिंदू कुटुंब आहोत, मुलगी परदेशात ज्यू शाळेत शिकते. गळ्यातल्या स्वस्तिकाचं काय करायचं?

त्या दिवशी घालू नका, आणि एरवीही शाळेत घालण्याआधी वर्गशिक्षकांशी बोला. नाझी पक्षाने १९२० मध्ये ते चिन्ह उचललं. त्याआधी हजारो वर्षं ते आपल्या उंबऱ्यावर आहे, आणि ते कोणी हिरावून घ्यावं असं नाही. पण ज्या आजीने ते चिन्ह दंडावर बांधलेल्या माणसाला आपल्या दारात पाहिलं, तिला कार्यक्रमात समोर बसून इतिहास समजावता येत नाही. दारावर रांगोळी असेल आणि मुलीच्या मैत्रिणी घरी येणार असतील, तर त्यांच्या पालकांना आधी फोन करा. बहुतेक जण समजून घेतात.

२०. घरातले काका म्हणतात, "हिटलर वाईट असेल, पण शिस्तीचा माणूस." त्यांना काय सांगू?

त्यांना सांगा की त्याच्या राजवटीने संघटित हत्येची सुरुवात जर्मनीतल्या अपंग मुलांपासून केली. रोमा लोकांना मारलं, विरोधकांना मारलं, आणि बारा वर्षांत स्वतःचा देश ढिगाऱ्यात घातला. भारत इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला बरा असं त्याने स्वतः लिहून ठेवलं होतं, हेही सांगा. आपल्याकडे हे बोलणं बऱ्याचदा द्वेषातून येत नाही, न वाचल्यामुळे येतं. पण मुलांसमोर ते ऐकून सोडून देऊ नका. काकांचा मान राखूनही "मला हे पटत नाही" म्हणता येतं.

२१. मी महाराष्ट्रातल्या मराठी शाळेत शिकवतो. असा कार्यक्रम घेता येईल का?

घ्या. २७ जानेवारी प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्याच दिवशी येतो, तेव्हा मुलं शाळेत असतात. आठवी-नववीच्या वर्गासाठी एक तास पुरे. इस्रायलच्या कार्यक्रमाची नक्कल करू नका. भोंगा, कद्दीश, नाझींनी ज्यूंवर लादलेला पिवळा तारा लावलेले कपडे, यांतलं काहीही नको. सुरुवातीला युरोपचा नकाशा लावा. नंतर कोर्चाकांची गोष्ट सांगा (प्रश्न १२), आणि जमलं तर 'डाकघर'मधला एक प्रवेश मुलांकडून वाचून घ्या. मग प्रत्येकाला नामसूचीतलं आपल्या वयाचं एक नाव द्या (प्रश्न ९), वहीत लिहायला सांगा आणि एकेकाला उभं करून वाचायला लावा. प्रश्नांसाठी शेवटची वीस मिनिटं मोकळी ठेवा, कारण ते येणारच. ज्या मुलाला नाव वाचायचं नसेल त्याला आग्रह करू नका. त्याचं नाव तुम्ही वाचा.